साडेसहाशे फिल्स किलो

मनामाच्या जुन्या बाजारात, सोनारांची गल्ली संपते तिथे
आमचं कार्गोचं दुकान. मी काट्यावर बसतो.
समुद्रमार्गे किलोला साडेसहाशे फिल्स, विमानाने दुप्पट,
काच आणि अत्तर आमच्या जबाबदारीवर नाही.

गुरुवारी खांबेटेबाई आल्या. बावीस वर्षं
इथल्या शाळेचं ग्रंथालय सांभाळून
आता कायमच्या चिपळूणला, भाचीकडे.
पाच खोकी पुस्तकं. एकशे अठरा किलो चारशे.
"हमदुले, काटा नीट आहे ना?"
हे प्रत्येकजण विचारतं.

मग फरशीवरच बसल्या, खोकी उलटी केली,
तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागल्या :
"ह्याची भाषा छान, पण माणसं पुठ्ठ्याची.
ह्यात माणसं जिवंत, शेवट मात्र घाईत उरकलाय,
लिहिणाऱ्याची एसटी सुटत असावी.
ह्याला कसर लागली, तरी राहू दे.
हे तीनदा वाचलं, तिन्ही वेळा
वेगळ्याच माणसाची बाजू घेतली मी."
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
चाळीस किलो चारशे उतरले.

सिनेमे सगळे एका पेनड्राइव्हमध्ये, दोनशे दहा.
गंमत म्हणून काट्यावर ठेवला. आकडा हलला नाही.
"वजन नाही म्हणून दोष नाहीत, असं नसतं हो,"
बाई म्हणाल्या, आणि तो पर्समध्ये टाकला.

मला विचारलं असतं तर मीही बोललो असतो.
सित्र्याच्या कॅम्पात शुक्रवारी भिंतीवर चादर ताणून
आम्ही अकरा जण सिनेमा बघायचो.
तेलुगू, बंगाली, दोन नेपाळी, मी,
आणि हसायचो एकाच जागी.
पुस्तकाला हे जमायचं नाही.
पण त्याच सिनेमात आखातातून आलेला माणूस
गॉगल लावून टॅक्सीतून उतरतो,
बॅगा उघडतो, सीन संपतो.
बॅग कुठे तोलली, जास्तीचे तीन किलो
कोणाच्या वाटणीचे काढून ठेवले,
ते दाखवायला वेळ नव्हता.

आणि वेबसाइट. तिच्यामुळेच तर मी इथे.
फोटोत हॉटेलचं काउंटर, मागे निळं पाणी,
खाली लिहिलेलं : राहणं, जेवण, ओव्हरटाइम.
हर्णैच्या सायबर कॅफेत ते पान
तासाला वीस रुपये देऊन रोज उघडायचो.
इथे पोचल्यावर एजंटला दाखवायला गेलो
तर पानच जागेवर नव्हतं.
पुस्तक खोटं बोललं तर ते खोटं कपाटात तरी राहतं,
बोट ठेवून म्हणता येतं : हे बघ, इथे.

तरी डूख धरता येत नाही.
लेकीचा दहावीचा निकाल मी ह्या काट्यावर बसून पाहिला.
बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं,
चक्र फिरत राहिलं, गिऱ्हाईक पावतीसाठी खोळंबलेलं,
मग आकडे आले. मराठीत ब्याऐंशी.
घरात कोणालाच माहीत नव्हतं अजून.
एवढ्या वर्षांत घरची एकच बातमी
मला सगळ्यांच्या आधी कळली, ती ही.
गिऱ्हाइकाला मी पाच किलो कमी लावले.
मालकाला ठाऊक नाही.

बाईंनी अठ्ठ्याहत्तर किलोचे पैसे दिले, सुटे मोजून.
जाताना एक पुस्तक काउंटरवर ठेवलं.
"मधला भाग ओढलाय, सहन करा.
पुढे वसूल होतं."

त्या गेल्यावर काट्यावर ठेवलं. तीनशे चाळीस ग्रॅम.
दोनशे एकवीस फिल्स. हिशोब सवयीनेच होतो.

सत्तावन्नाव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलंय,
'असं कुणी बोलत नाही.'
त्याखाली, अक्षर तेच, शाई निळी,
'बोलतात.'

मी ब्याण्णवव्या पानावर आहे.
मधला भाग खरंच ओढलाय.