वजन खोक्यावर लिहिलेलं असतं

खोक्यावर छापलंय : एकशे बेचाळीस किलो.
त्याखाली दोन माणसांचं चित्र.
दोघांना चेहरे नाहीत, पण गुडघे आहेत
आणि ते नीट वाकलेत.

"कंबर कसायची नाही इथं," म्झेविनार म्हणते,
"कंबर विसरायची."

काल दिवसभर ती टेप घेऊन फिरत होती.
ट्रकपासून रॅकपर्यंत.
दार पंच्याऐंशी, खोकं एकोणऐंशी,
आणि दाराची मूठ खाते सात.
म्हणून आज दाराला मूठ नाही.
उंबऱ्यावर फळी आहे, फळीवर खडूची रेघ.

तिबिलिसीतलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज हे.
इथली लिफ्ट अजून नाणं मागते.
वीस तेत्री टाकले की विचार करते,
मग निघते.
आतल्या पत्र्यावर रशियन अक्षरं :
तीनशे वीस किलो, चार माणसं.
"म्हणजे तेव्हा माणूस ऐंशीचा धरायचे," नोदार हसतो.
तो एकटाच एकशे दहा.
स्विच, ट्रॉलीचे अठरा, नोदार, माझे चौसष्ट...
चौदा किलो जास्त.
म्झेविनारने आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.
नाणं टाकलं, बटण दाबलं, हात मागे घेतला.
खोकं एकटं वर गेलं, साहेबासारखं.
आम्ही जिन्याने.

वर वाझा उभा होता, दाराशी पाचर घेऊन.

रॅक जमिनीला बोल्टने जखडलेला.
रिकामा रॅक उपाशी माणसासारखा,
पहिला जड घास वरच्या घरात दिलात
तर तोंडावर येतो.
म्हणून खालून भरायचं. सगळ्यात खालून.

मग खोकं फोडलं, आणि स्विच रिकामा करायला घेतला.
पंखे काढले. पॉवर सप्लाय काढले.
कार्डं एकेक करून करड्या पिशव्यांत,
मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार लोखंडाला,
म्हणजे आपल्या अंगातली वीज
आपल्याच पायाने निघून जावी.
"पंख्याला मूठ आहे," मी म्हणाले, "इथं धरू?"
खोलीतले तिघंही एकदम ओरडले.

कुटाइसीच्या ग्विदोनने धरली होती ती मूठ.
पंखा त्याच्या हातात राहिला.
बाकीचं पायावर आलं.

मुरंब्याची रिकामी बरणी फिरली.
घड्याळं टाका, अंगठ्या टाका.
नोदारची साखळी सळसळत आत गेली.
वाझाची अंगठी निघेना.
साबण झाला, दोरा झाला,
बोट लाल होऊन फुगलं.
"राहू दे," तो म्हणाला, आणि खिडकीकडे बघायला लागला.
ह्याच खोलीत त्याची बायको
कानाला हेडफोन लावून लोकांची गावं जोडायची.
म्झेविनारने बरणीचं झाकण लावलं.
"ज्याची अंगठी निघत नाही
तो तारांना हात लावणार नाही.
तो मोजेल."

म्हणून वाझाने मोजलं.
आत उरला होता नुसता सांगाडा, एकसष्ट किलो,
लोखंडी तबकावर ठेवलेला.
नोदार हँडल फिरवतो, तबक बोटभर चढतं.
मी उजवीकडे, म्झेविनार रॅकच्या मागे, स्क्रू तोंडात धरून
(हे मात्र कुठल्याच चित्रात नसतं).
एर्ती, वाझा म्हणतो.
ओरी.
मध्ये खूप वेळ जातो.
तो आमचे पाय बघतोय, एकेकाचे.
सामी.
आणि आम्ही उचलत नाही, सरकवतो.
लोखंड लोखंडावर करकरत
आपल्या जागी बसतं.

पहिली तार जमिनीची. हिरवी-पिवळी.
तिच्यानंतर बाकी सगळं.
कार्डं परत गेली, पंखे परत गेले,
संध्याकाळी सातला चालू केल्यावर
सगळे पंखे एकदम किंचाळले
आणि मग हळूहळू गप्प, कामाला लागले.

बरणी उघडली. प्रत्येकाने आपापलं घेतलं.

खाली जायला लिफ्टने पुन्हा नाणं मागितलं.
चौघांच्या खिशांत मिळून : एक स्क्रू,
दोन सूर्यफुलाच्या बिया.
रिकामी ट्रॉली नोदारने खांद्यावर घेतली.
सहा मजले.
उतरताना कुणीच बोललं नाही,
फक्त गुडघे.