परतीची वाट

साल्तोजवळच्या ओढ्यातला मासा
निळ्या बादलीत, शेवाळाखाली गप्प.
बोलतो तेही मिलिव्होल्टांत.

नेलिदाने पाण्यात दोन तारा सोडल्या,
प्रत्येकीला एक कपॅसिटर, पुढे अ‍ॅम्प्लिफायर:
दोघींत जे सारखं, ते ऐकलं न ऐकलं करायचं,
फरक तेवढा शंभरपट सांगायचा.

पडद्यावरची रेघ वर चढली
आणि छताला चिकटून बसली.
तिने बॅटरी बदलली. चिप बदलली.
शेवटी माशावरच संशय घेतला.

वॉशिंग्टन एचेवेरी, निवृत्तीला चार महिने,
येर्बाचा कडू घोट गिळून म्हणाला,
"चिपच्या पायांतून थेंबभर करंट वाहतो, पोरी.
कपॅसिटरने त्याची वाट अडवलीस,
आता त्याने जमिनीवर यायचं कुठून?"

शर्टाच्या खिशात दोन रेझिस्टर होते,
मेगओहमचे, बडीशेपेएवढे.
राळेचा धूर. दोन डाग.

रेघ उतरली.
आधी नुसती गुणगुण, पन्नास हर्ट्झची.
नेलिदाने फ्रीजची पिन उपटली.

टक्.
टक्. टक्.

तिने वहीत वेळ लिहिली, नऊ चाळीस,
मग खोडून लिहिलं: आम्हाला ऐकू आलं, नऊ चाळीस.

फ्रीजमधलं लोणी वितळलं तरी
कोणी उठलं नाही.