बर्फाचा आवाज

सूर्याने पाठ फिरवून चार आठवडे झाले होते.
सेवेत्तीच्या तलावावर अकराला निळसर उजेड येतो,
दोनला जातो. तेवढ्यात जाळं काढायचं.

त्या सकाळी दिव्याची काच फुटली.
कोपऱ्यातल्या पवित्र चित्रापुढची, लाल,
माझ्या आजीने युद्धाच्या वर्षी
पेत्सामोहून शालीत गुंडाळून आणलेली,
घरदार, रेनडिअर, सगळं मागे टाकून.
उल्याना म्हणाली, "रुस्कोने पाडली."
रुस्को रात्रीपासून बाहेर होता.
त्याच्या मिशांवर बर्फ होता.

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं.
बाबांचं. इतकी वर्षं दाढेखाली दडून बसलेलं:
खोटं बोलणाऱ्याच्या पायाखाली
देव बर्फ फोडतो.
मी सात वर्षांचा असताना त्यांनी ते मला दिलं होतं,
पट्ट्यासकट.
त्या हिवाळ्यात मी तलावावर पाय ठेवला नाही.
रात्री बर्फ गरजायचा,
लांबून निघून थेट आमच्या घराखाली यायचा,
आणि मी उशीत तोंड खुपसून
केलेली, न केलेली सगळी पापं मोजायचो.
प्रार्थना तेव्हाच तोंडपाठ झाल्या.
देवाशी बोलायला मात्र
चाळिशी उजाडावी लागली.

वाक्य गिळलं. उतरताना ते टोचलं.
म्हटलं, "मोजे घाल, दोन जोड.
जाळं ओढायला माणूस कमी आहे."

ती मागून आली,
माझ्या पावलांत पावलं टाकत.
तिला अंतर पुरेना, म्हणून मी
न सांगता पावलं आखूड केली.
(काठावरून कुणी पाहिलं असतं
तर म्हणाले असते, ओन्त्रेय सकाळीच प्यालाय.)

भोकावर धरलेली साय फोडली,
दोर तिच्या हाती दिला.
तीन मासे आले, चौथा निसटला,
आणि तेवढ्यात बर्फ बोलला.
पैलतीरावरून निघाला, आमच्या खालून गेला,
पोटात घुमत.
उल्यानाने दोर सोडून माझा पाय धरला.
"मीच फोडली. रुस्कोने नाही.
देवाला कळलंय ना?"

मी गुडघ्यांवर बसलो.
"कळलंय. काच पडली तेव्हा तू दचकलीस,
तेही त्याने पाहिलं.
बोट कापलं का, हे तर आधी पाहिलं असेल.
दाखव."
कापलं होतं. थोडंसं.
सकाळपासून तिने ते मुठीत लपवलं होतं.

"मग हा आवाज?"
"थंडी वाढली की बर्फ जाड होतो.
जाड होताना अंग ताणतो.
आपल्याला पेलायला बळ धरतोय तो."
सळई भोकात घालून मोजून दाखवलं:
बोटांपासून तिच्या कोपरापर्यंत, वर आणखी चार बोटं.
तिने टोपी वर सारली,
बर्फाला कान लावला,
आणि मी किती हाका मारल्या तरी उठेना.

परतताना, माशांची पाटी दोघांत धरून:
"आजोबांना हे माहीत नव्हतं?"

काय सांगणार. चाळीस वर्षं
याच तलावावर मासे धरले त्यांनी.
नुसत्या टाचेने जाडी सांगायचे.
"माहीत होतं," म्हटलं.
"पण ते लहान होते तेव्हा
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

रात्री मुरंब्याच्या बाटलीत दिवा लावला.
लेबल अर्धंच निघालं होतं;
त्याची सावली चित्रातल्या आईच्या गालावर पडली.
मी नेहमीची प्रार्थना सुरू केली,
ती मध्येच आपले शब्द घेऊन घुसली:
रुस्कोची माफी मागितली,
चौथ्या माशाला घरी पोचव म्हणाली,
मग जांभई देत,
"आणि आजोबांना तिथे
कान लावून ऐकायला सांग."

मध्यरात्री बर्फ गरजला.
मी दचकून उठून बसलो. अजून बसतो.
पलीकडे तिने झोपेतच कूस बदलली,
आणि पांघरूण माझ्याकडचं
ओढून घेतलं.