जावक क्रमांक एकशे बारा

परवापर्यंत गाव होतं, आता नगरपंचायत.
वस्तीत कोंबडा पाळण्यास मनाई,
दंड रुपये पाचशे.
तक्रार लेआउटातल्या मॅनेजरची,
वाटप माझ्याकडं.

सायकलला खळीचा डबा, बत्तीस घरं.
तेहतिसावं माझंच.

माय म्हणाली, वाच.
वाचली.
"सही कोनाची?"
साहेबाची.
"अन् हे खालची, वाकडी?"
माझी.

काही बोलली नाही.
तुरेवाल्याला कुटाराच्या खोलीत नेलं,
वर डालं, डाल्यावर पोतं,
पोत्यावर माझी खाकी टोपी.

पहाटे तो आरवलाच,
पोत्यातून, घसा बसल्यागत.
लेआउटात एक लाईट लागला.

माय सडा टाकता टाकता
जोरात खोकली.
मग पल्याडची शेवंती,
मग झिंगरू सोनवणे,
मग अख्खी गल्ली.

मी टोपी शोधत होतो.
हापिसात वेळेवर पोचलो.