सीमेवरचं मीठ

मिठाची लादी उंटावरून उतरते तेव्हा
तिच्या पाठीवर दोराचे दोन वळ असतात.
बाप त्यांवर ओलं बोट फिरवायचा, चाखायचा,
यिद्दिरला म्हणायचा, वाटेत हिच्यावर रडलास वाटतं.
यिद्दिर तोंडावरच्या निळ्या फडक्याआड हसायचा.
त्याचे दात मी कधी पाहिले नाहीत.
तघाझात, तो सांगे, घरं मिठाची, मशीदही मिठाची,
वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, आणि झाड? औषधालाही नाही.
कपाळ टेकून उठलं की ओठांवर चव येते.
मग देव खारट का, मी विचारलं.
बापाने कान पिळला.
यिद्दिर मात्र बराच वेळ विचार करत राहिला.

राजाच्या नाक्यावर मिठाच्या गाढवामागे
आत येताना एक दिनार, बाहेर जाताना दोन.
नाकेदार आमच्यातला, हिशेब अरबीत.
राजा जुन्या देवांचा,
त्याच्या कुत्र्यांच्याही गळ्यात सोन्याची घुंगरं.
त्याची माणसं त्याच्यापुढे डोक्यावर माती घेत,
आम्ही कलमा पढलेले, म्हणून नुसत्या टाळ्या.
आजी न्याखाले दोन्ही करायची.
माती घ्यायची, मग तेच हात झटकत टाळी.
बाप पहाटे नमाजाला उभा राहिला की
ती मागच्या दाराने चिंचेखाली जायची,
बुंध्याशी बाजरीची पेज ओतायची.
बापाला ठाऊक होतं. वाडगं ओलं असायचं.

दक्षिणेला नदीशी आमची भाषा संपते.
तिथे लाद्या वाळूत मांडायच्या,
प्रत्येकीवर आपापली खूण,
ढोल तीनदा बडवायचा,
आणि अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मागे सरायचं.
मागे वळून पाहायचं नाही.
दुसऱ्या सकाळी लादीशेजारी सोन्याच्या भुकटीची ढिगुळी.
पटलं तर उचला. नाही पटलं
तर पुन्हा मागे सरा.
बापाच्या बावीस खेपांत
सोनं गुंजभर कमी आलं नाही,
मिठाचा खडा चोरीला गेला नाही.
त्यांचा देव कोणता, आम्ही विचारलं नाही.
विचारणार तरी कोणाला?

मी दहा वर्षांचा, पहिलीच खेप.
तळावर ताप चढला. रात्रभर, म्हणे,
मी आईला हाका मारत होतो,
आणि आई तर केव्हाच गेलेली.

सकाळी बाप सोनं पाहायला नदीवर गेला.
शेवटच्या लादीजवळ, ढिगुळीपासून हातभर दूर,
पानाने झाकलेला एक भोपळा.
आत सालीचा काढा. कडू. अजून कोमट.

म्हणजे ते मागे सरले नव्हते.
म्हणजे रात्री कुणीतरी इतक्या जवळ होतं
की माझं रडणं ऐकू यावं.

बापाने आधी स्वतः घोट घेतला.
मग थोडा वेळ नुसताच बसून राहिला, मेला नाही, तेव्हा मला पाजला.

चौथ्या दिवशी मी भाकर मागितली.
बापाने तराजू काढला, एका पारड्यात तो रिकामा भोपळा ठेवला,
दुसऱ्यात काय ठेवावं ते त्याला सुचेना.
शेवटी एका चांगल्या लादीचा कोपरा फोडला,
टाळूएवढा, पांढराशुभ्र,
आणि खूण न करता वाळूत ठेवून आला.
सकाळी तो तिथेच. शेजारी सोनं नाही.
पुन्हा ठेवला, पुन्हा मागे सरला.
तिसऱ्या सकाळी तो आमच्या बाजूला सरकवलेला होता,
वाळूत ओढल्याची रेघ.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ज्यांनी मीठच परत केलं
त्यांना कसं जागायचं?
नाक्यावर नाकेदाराने विचारलं, हा तुकडा कुणाचा?
बाप म्हणाला, याच्यावर कर लिहू नकोस.
नाकेदाराने तरी लिहिलाच.

तो राजा गेला, त्याची घुंगरं कुणीतरी वितळवली.
आता मी जेन्नेत काचेच्या वजनांनी सोनं जोखतो.
वजनं त्याच भोपळ्यात ठेवतो.

त्या वर्षापासून बाप पहाटेचा नमाज लांबवू लागला.
आजीचे गुडघे धरायचे,
चिंचेपर्यंत जाऊन यायला तिला वेळ लागायचा.