बंदर

तिकिटाच्या खिडकीशी मौलासाब म्हणाला,
"ह्यांचं नको घेऊ, पोरी, आमच्या वर्गातले आहेत."
ती मान वर न करता म्हणाली,
"वर्ग कोणता का असेना, तीस रुपये."
मी दिले.
मौलासाब नळदुर्गच्या किल्ल्यात माळी आहे.
त्याच्या अंगावर कंपनीचा हिरवा शर्ट,
खिशावर बुरुजाचं चित्र.

चढता चढता मी सांगत होतो,
चौतीस वर्षं बंदरात काढली, क्रेनवर,
खाली डबे, डब्यांवर डबे,
आणि पुढं नुसतं पाणी.
तो थांबला. गुडघा चोळत म्हणाला,
"बंदरां को क्रेन कायकू?"
उपली बुरुजाच्या पायरीवर एक माकडीण
पिल्लाच्या डोक्यातलं काही वेचत बसली होती.
आम्ही दोघं साठीपलीकडचे
इतके हसलो,
की तिनं पिल्लू पोटाशी ओढलं.

मग समजावलं त्याला. जहाजं येऊन थांबतात ते बंदर.
खाली बोरी नदी, अडवलेली, वळवलेली,
तटाला धरून गुपचूप पडलेली.
तो बराच वेळ तिकडं बघत राहिला.
"मंग हे बी बंदरच की.
जहाजच तेवढं आलं नाही."

एका खोलीत आता संग्रहालय.
ट्यूबलाइट, खुर्चीत झोपलेला चौकीदार,
काचेत दगडी तोफगोळा.
खाली पाटी: हात लावू नये.
मौलासाबनं काचेला नाक टेकवलं.
"हा आमचा."
त्याच्या अम्मीनं ह्यानं खडेमीठ फोडलं,
लसूण ठेचला, एकदा विंचूही.
गोळा एका अंगानं सपाट झालाय.
पाटीवर सगळी मापं आहेत,
सपाटीबद्दल काही नाही.

पाणीमहालात उतरलो, बंधाऱ्याच्या पोटात.
नर कोरडा, मादी कोरडी,
यंदा एकाही धबधब्यानं तोंड उघडलं नाही.
तरी भिंतीला ओल होती.
हात लावला तर गार,
आतून काहीतरी घुमल्यासारखं,
जहाजाच्या तळघरात घुमतं तसं,
माल उतरल्यावर.
एक नवं जोडपं नक्षीच्या खिडकीत फोटो काढत होतं.
मौलासाबनं न सांगता त्यांचा मोबाइल घेतला
आणि पोरीला म्हणाला, "पदर घे जरा, हवा आहे."

बागेत मात्र हिरवळ. मऊ. कापलेली.
तलावातून मोटार, मोटारीतून नळी,
नळी मौलासाबच्या हातात दिवसाचे चार तास.
"आणि घरी?"
"घरी आठव्या दिवशी. कधी दहाव्या.
येतं तेव्हा अर्धा तास."
त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.
गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं सांगितलं.

तेवढ्यात फोन.
बानूबीचा आवाज मलाही ऐकू आला, सगळ्या किल्ल्याला आला असेल,
"अजी, पानी आया!"
त्यानं नळी माझ्या हातात कोंबली.
"अंगठा असा दाब. फवारा पडतो.
गुलाबाच्या मुळात, पानावर नको.
मुकादम आला तर सांग, मौला आत्ता आला."
आणि गुडघा विसरून
चौदा वर्षांच्या पोरासारखा उतार उतरला.
त्याची लुना दोनदा खोकली, मग गेली.

मी उभा.
क्रेनवर दोन अंगठ्यांनी चाळीस टन उचलायचो.
इथं दहाव्या मिनिटाला अंगठा दुखायला लागला.
हिरवळीवर चालू नये, पाटी सांगत होती,
मी हिरवळीच्या मधोमध.
बूट भिजले.
तिकडं बानूबीच्या दारात घागर भरत असेल,
मग हंडा, मग बादली, मग पातेली,
मग डबे, डब्यांवर डबे.

माकडीण पिल्लाला घेऊन आली,
नळीच्या सांध्याला जिथं गळत होतं तिथं
ओंजळ न करताच पाणी प्यायली, आणि बसली.
सूर्य तटापलीकडं गेला.
गुलाबांची पहिली रांग झाली, दुसरी झाली,
तिसरीच्या मुळांत डबकी साचली.
आता पुरे, असं मी मोठ्यानं म्हणालो,
पण कॉक कुठं आहे
ते तो सांगून गेला नव्हता.