देवमाशाचं बुकिंग

मेचा दुसरा आठवडा धरलाय.
डेपो बे, ओरेगन. दोन रात्री, समुद्राकडची खोली,
म्हणजे गाड्यांच्या तळापलीकडे
बोटभर समुद्र.

बोटवाली बाई फोनवर म्हणाली,
दिसला नाही तर पैसे परत नाहीत,
पुन्हा या फक्त.
मी मराठीत पुटपुटले,
नावातच देव आहे बाई, आम्हाला सवय आहे.

उलटीच्या गोळ्या. आलेपाक.
वसुधाकडून आणलेली दुर्बीण,
डावी काच धुरकट.

हेरंब विचारतो, किती वाजता येतो तो?
जसा काही पाहुणाच,
स्टँडवर आणायला जायचाय.

तो नाही रे, ती.
मेक्सिकोहून पिल्लाला कडेकडेनं घेऊन
निघालीसुद्धा असेल,
आपण अजून
नाश्ता धरून की नाश्ता सोडून
यावर अडलोय.